कोरडी ओंजळ

त्या डोंगराचं, तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं आणि त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा तिन्ही नावं लिहिली होती, ठळक अक्षरात, गाव-तालुक्यासकट. आमच्या घरातली शिस्तच तशी होती. मानोऱ्यात बसस्टँडच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातल्या पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना. छापखाना म्हणजे एक जुनं पायाचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांची कपाटं आणि नंतर नंतर एक कॉम्प्युटर. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, आणि पत्रकं बाकी सगळ्यासाठी. मशीनच्या आवाजावर मी झोपायचे, आवाज थांबला की जागी व्हायचे. खिळे रॉकेलनं धुतले जात, त्यामुळे आमच्या ज्वारीच्या भाकरीलाही रॉकेलचा वास असायचा. माय आंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी देताना म्हणायची, "दुसऱ्याच्या घरी वास भाजीले येते, आपल्या घरी भाजी वासाले येते." मायला वाचता येत नव्हतं, पण ओला कागद उजेडात धरून कुठलं अक्षर फुटलं ते ती बोटानं दाखवायची, आणि तिचं बोट कधी चुकलं नाही.

अक्षरओळख व्हायच्या आधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक असताना मी मसणवटीची जागा, पाण्याची टाकी, अडकलेली शिष्यवृत्ती असलं वाचत होते. बाबांचा एक नियम होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं पूर्ण नाव आणि गाव वर, लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव खाली. "बिननावाचं पत्रक म्हंजे भेकडाचं पत्रक," ते म्हणायचे. गावागावातले लोक छापखान्यात येऊन आपलं नाव छापून घ्यायला बसत, चहा पीत, आणि आपलं नाव शाईत उमटलेलं पाहून त्यांचा चेहरा बदलायचा. मी ते चेहरे पाहत मोठी झाले. नाव छापलं की माणूस उभा राहतो, एवढं एकच तत्त्व माझ्याकडे होतं, आणि त्याची दुसरी बाजू असू शकते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी एकोणीस वर्षांची होते, कारंज्याच्या कॉलेजात बी.ए.ला. माझा मामा अकोल्याला रेल्वेत होता. त्याला पास होता आणि मामीला थंडीची भीती होती, म्हणून त्यानं मला आणि बाबांना हिमालयात न्यायचं ठरवलं. माय येणार नाही म्हणाली. "मशीन अन् बकऱ्या दोन्ही कोन पाह्यन? तुमी बरफ पाहून या, मले फोटो दाखवा." तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि बाबांच्या पिशवीत गुपचूप दोन स्वेटर जास्त घातले. गाडीत दोन रात्री, बसमध्ये एक दिवस, आणि मग एका नदीकाठच्या गावात उतरलो. तिथून पुढे दोन दिवसांची चढण, वर तीन तळी. सामान वाहायला, वाट दाखवायला आणि स्वयंपाकाला मिळून एकच माणूस ठरवला, कारण मामाला दोन माणसं जास्त वाटली. चाळिशीचा, बुटका, गुडघ्याला लोकरीच्या पट्ट्या बांधलेला. मामा त्याला 'शेरपा' म्हणू लागला. तो शेरपा नव्हता, पण त्यानं एकदाही दुरुस्त केलं नाही. बाबा त्याला भाईजी म्हणत. मीही इथे तेच म्हणते.

आमच्याकडचं जंगल म्हणजे साग आणि पळस. उन्हाळ्यात पाय ठेवला की पानं करकर वाजणार, आणि झाडाआडून रस्ता दिसणार. तिथलं जंगल वाजत नव्हतं. देवदाराच्या खोडाला आम्ही तिघांनी हात धरून वेढा घालायचा प्रयत्न केला तर अर्धं खोड बाकी राहिलं. फांद्यांवरून शेवाळ म्हाताऱ्याच्या दाढीसारखं लोंबत होतं. पडलेली झाडंही पडून कितीतरी वर्षं झालेली, आणि त्यांच्या अंगावर नवी झाडं उभी. बाबा एका झाडासमोर बराच वेळ थांबले. हे किती वर्षांचं, त्यांनी विचारलं. "हमारे दादा के दादा के समय भी इतना ही था, बाऊजी," भाईजी म्हणाला. मामानं वर पाहिलं. "भाऊजी, याच्यात किती दिवाण होतीन हो?" भाईजीला मराठी कळत नव्हतं, पण मामाच्या डोळ्यांतलं माप त्याला कळलं आणि तो खो खो हसला. त्याचं ते हसणं मला अजून आठवतं. वरचे दात जरा पुढे होते, आणि हसताना तो हातानं तोंड झाकायचा.

दुपारी एका ओढ्याशी जेवायला बसलो. भाईजीनं आमच्यासाठी भात टाकला आणि स्वतः दहा पावलं लांब, पाठ करून बसला. बाबांनी दशमी आणि चटणी घेऊन त्याच्याकडे नेली. त्यानं हात पुढे केला नाही. "बाऊजी, आप लोग कौन हैं?" त्यानं विचारलं. असा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला असता तर दुसऱ्या दिवशी त्यावर पत्रक निघालं असतं. बाबांनी शांतपणे सांगितलं, आम्ही बौद्ध, आणि त्याआधी आजोबा काय होते तेही सांगितलं. "फिर तो हम एक ही हैं जी," भाईजी म्हणाला. मग त्यानं आपली थाळी उचलली आणि आमच्यात येऊन बसला. चटणी तिखट लागली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं मुलीबद्दल सांगितलं. बारा वर्षांची, खालच्या गावात शाळेत जाते, हिंदी कविता पाठ म्हणते. मी वही काढून हे सगळं लिहून घेतलं. त्याचं पूर्ण नाव विचारलं, गावाचं विचारलं. त्यानं आनंदानं सांगितलं. आजवर कोणी त्याचं पूर्ण नाव विचारलं नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिसऱ्या तळ्याशी पोचलो. हिमनदीनं डोंगराच्या पोटात कोरून काढलेला खळगा, आणि त्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी. माय पांढऱ्या कपड्यांना नीळ घालते तेव्हा बादलीत पहिल्या घटकेला जो रंग असतो, तो. काठावर कापडी झेंड्या, दगडांची रास, आणि वनखात्याची पाटी, पाण्यात हात घालू नका. ती पाटी वाचून माझी कानशिलं तापली. "बाबा, पाहा! इथंही!" बाबा हसले. "अवं पोरी, हे साऱ्यायसाठी हाय. लोक साबन लावतात तळ्यात." मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो राग घेऊन मी मागे वळले तर भाईजी खाली उभा होता. तळ्यापासून पन्नास पावलांवर पांढऱ्या दगडांची एक ओळ होती, त्या ओळीच्या पलीकडे, पाठीवरचं ओझं न उतरवता.

"आप आगे क्यूँ नहीं आते?"

"हम लोग यहीं तक आते हैं, बिटिया. आगे देवता का है."

"और हम कैसे आए?"

"आप तो टूरिस्ट हैं जी."

तर हे असं होतं. माझ्या आजोबांच्या हाताला त्यांच्या गावात जे पाणी मिळालं नाही, ते दोन हजार किलोमीटरवर मला फुकट मिळत होतं, कारण माझ्या पायात ट्रेकिंगचे बूट होते. याबद्दल मी आजही एक अक्षर मागे घेणार नाही. ती दगडांची ओळ अन्याय होती, आहे, आणि तिथे अजून असेल तर तिला लाथ मारली पाहिजे. पण ती लाथ मी कोणाच्या पायानं मारली, ते आता सांगते.

मी त्याला म्हणाले, चला, पाणी प्या. तो हसला, तोंडावर हात. मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, आकाश पाहा, गारा येतील, उतरायला हवं. डोंगराच्या कडेवर खरंच काळं चढत होतं. मी एका खडकावर मांडी घालून बसले. ठिय्या. तहसील कचेरीपुढे बाबांबरोबर मी सातव्या वर्षापासून बसत होते, ठिय्या कसा द्यायचा ते मला कोणी शिकवायला नको होतं. "आप पानी नहीं पियोगे, तो मैं यहाँ से नहीं हिलूँगी."

"पोरी, ऊठ," बाबा म्हणाले. "त्याले त्याच्या गावात राहाचं हाय."

"तुमालेही मानोऱ्यातच राहाचं होतं ना? मंग काहून छापत होते?"

"माह्यं नाव मी छापलं. माह्या मनानं."

"तुमी म्हातारे झाले बाबा. भेले तुमी." मामासमोर, त्या परक्या माणसासमोर मी हे बोलले. बाबांनी तोंड फिरवलं. मामानं वातावरण हलकं करायला फोन काढला. "घ्या, घ्या, नेत्या बसल्या उपोषनाले. मी शूटिंग करून राह्यलो." पहिल्या गारा पडायला लागल्या, हरभऱ्याएवढ्या. भाईजी वर पाहत होता, खाली वाटेकडे पाहत होता. आम्हाला सुखरूप उतरवणं त्याच्या डोक्यावर होतं, आणि ते मला माहीत होतं, आणि त्यावरच मी बसले होते. तरी तो हलेना तेव्हा मी शेवटचं वाक्य काढलं. "आपकी लड़की को भी इसी पत्थर के पीछे खड़ा रखोगे? कविता पढ़ने वाली को?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. त्यानं ओझं उतरवलं. ओळ ओलांडताना तो ओठांत काहीतरी पुटपुटला. तो काठाशी गेला, उकिडवा बसला, वाकला, ओंजळ तोंडाशी नेली, आणि उठून माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हो गया जी. अब चलिए." मी टाळ्या वाजवल्या. एकटीच. उतरताना गारा बोराएवढ्या झाल्या, आणि भाईजीनं आपल्या अंगावरची घोंगडी काढून माझ्या डोक्यावर धरली. वाटभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, त्याच्या आत क्रांती चालू आहे.

मामाच्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून परतीच्या गाडीत मी तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये घेतला आणि त्यानं त्याच्यातला काढून टाकला. घरी आल्यावर त्यातला एक क्षण थांबवून मी फोटो केला. वाकलेला माणूस, तोंडाशी ओंजळ, मागे निळं पाणी. पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. वर त्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. खाली माझं. "शतकांची ओळ एका घोटात पुसणारा माणूस" असं मथळ्यात होतं. बाबांनी ते छापताना दोनदा मशीन थांबवलं. "नाव गाळू का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "बिननावाचं पत्रक कोनाचं असते, बाबा?" त्यांनी पुन्हा पाय मशीनवर ठेवला. कारंज्यात एका सभेत मला शाल आणि पुस्तकं मिळाली. टाळ्या खूप वेळ चालल्या. मामानं पत्रकाचा फोटो रेल्वेतल्या ग्रुपवर टाकला, तिथल्या कोणीतरी त्याचं हिंदी केलं, आणि ते हिंदी डोंगर चढून त्या गावात पोचलं. महिनाही लागला नाही.

पहिला फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. रोडगे आणि वांग्याची भाजी, रविवार असावा. भाईजीचा आवाज मला ओळखू आला नाही. गावानं त्याचं काम बंद केलं होतं. नळावर त्याच्या बायकोचा हंडा उपडा करून ठेवला होता. पौर्णिमेला देवासमोर गावाची बैठक बसणार होती, आणि त्यात ठरणार होतं की तो गावात राहणार की नाही. "बिटिया, बस इतना लिख दो कि मैंने नहीं पिया."

"मैं झूठ नहीं लिखती," मी म्हणाले. तोंडात घास होता. मग मी त्याला लढायला सांगितलं. कायद्याची कलमं सांगितली. पोलिसांत जा म्हणाले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "झूठ कहाँ बिटिया, मैंने पिया ही कहाँ? आपका वीडियो देख लो."

त्या बैठकीत काय ठरलं ते मी आत्ताच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर वाचणाऱ्याला माझी दया येईल, आणि ती मला नको आहे. त्याला गाव सोडावं लागलं. मुलीची शाळा सुटली. तो खाली कुठेतरी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला लागला, एवढं मामानं नंतर तिकडच्या एका हॉटेलवाल्याला फोन करून काढलं. त्यापुढचं आम्हाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

जेवण झाल्यावर बाबांनी फोन कॉम्प्युटरला जोडायला लावला. व्हिडिओ मोठा करून, थांबवत थांबवत आम्ही पाहिला. माय दारात उभी होती. भाईजी वाकतो. त्याचे दोन्ही हात पाण्याकडे जातात. आणि पाण्याच्या चार बोटं वर थांबतात. तिथंच ओंजळ होते, आणि तशीच, कोरडी, तोंडाशी जाते. पाण्यावर एक लहरही उठत नाही. बाबांनी तो तुकडा तीनदा पाहिला. फुटलेलं अक्षर दाखवावं तसं मायनं पडद्यावर बोट ठेवलं. "हात वल्ला नाही त्याचा," ती म्हणाली. "बिचाऱ्यानं तुही जिद राखली अन् आपलं गावही राखलं होतं."

फोटो काढताना हा तुकडा माझ्या डोळ्यांखालून गेला होता की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. सांगता येत नाही असं एखादा लिहितो तेव्हा काय समजायचं, ते पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

"आता लिहू," बाबा म्हणाले. "खरंच तं लिहाचं हाय. थो पेला नाही, आमचं चुकलं. संग हा व्हिडिओ पाठवू. पौर्णिमेले आठ दिवस हायेत." ते खिळे जुळवायला बसलेसुद्धा. कॉम्प्युटर असताना खिळे, कारण महत्त्वाचं काही असलं की ते हातानं जुळवत. मी आतल्या खोलीत गेले. तिथे शाल होती, पुस्तकं होती. माझ्या नावाची एक निमंत्रणपत्रिकाही होती, अमरावतीच्या एका कार्यक्रमाची, विषय 'एक घोट पाणी'. मी विचार केला. भाईजीचा नाही. मी चळवळीचा विचार केला. लोक म्हणतील, यांची पत्रकं खोटी असतात. बाबांची तीस वर्षांची सगळी पत्रकं लोक खोटी म्हणतील. मसणवटीचं, टाकीचं, शिष्यवृत्तीचं. एका माणसानं ओंजळ ओली केली नाही म्हणून एवढं सगळं बुडवायचं? असा माझा युक्तिवाद होता, आणि तो इतका चांगला होता की मला त्यात कुठे फट दिसली नाही. मी व्हिडिओ पुसला. कॉम्प्युटरवर घेतला नव्हता, नुसता पाहिला होता. मग मी हात धुतले आणि मायला भांडी घासू लागले.

बाबांनी सकाळी मजकूर जुळवून पूर्ण केला आणि फोन मागितला. मी म्हणाले, पुसला. त्यांनी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. हिंदीत जुळवलेला मजकूर तसाच बांधलेला होता, तो त्यांनी छापला आणि त्या गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवला. पण व्हिडिओशिवाय तो नुसता एक कागद होता, आणि एक कागद तिथे आधीच माझा होता, फोटोसकट.

भाईजीचा दुसरा फोन पौर्णिमेच्या सकाळी आला. बाबांनी उचलला आणि आवाज मोठा करून मधल्या उंबऱ्यावर ठेवला, म्हणजे मला उठून जाता येणार नाही. मागे वारा वाजत होता, लोकांचे आवाज होते.

"बाऊजी, काग़ज़ मिला. पर ये लोग कहते हैं वीडियो दिखाओ. बैठक बैठ गई है."

"वीडियो नहीं है, भाईजी."

"गुम हो गया जी?"

हो म्हणायची सोय त्यानंच करून दिली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मायनंही पाहिलं. मी मान खाली घातली नाही, तेवढा ताठा माझ्यात होता.

"नहीं," बाबा म्हणाले. "लड़की ने मिटा दिया. जानबूझ के."

मग तो म्हणाला, "अच्छा जी." फोन ठेवायचा कसा, हे त्याला सुचत नसावं. आमच्याकडेही कोणाला सुचत नव्हतं. शेवटी काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यानं विचारलं, "बिटिया लिखती तो है न अभी भी?"

"लिखती है," बाबा म्हणाले.